दाबलेला कंट्रोल

हडपसरच्या आमच्या ऑफिसात कुणी नवीन रुजू झालं, की लेले आधी त्याच्या माउसची वायर उपटायचे. "उंदीर पाळायचे तर घरी पाळा. देवानं दहा बोटं कशाला दिलीत?" माणूस खवचट, पण त्यांची बोटं कीबोर्डवर चालायला लागली की बघत राहावं.

मीरावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, बोटं केव्हाच गेली होती. आजारानं सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली; हलायचा तो फक्त उजवा गाल. लेल्यांनी त्या गालाशी एक बटण बसवलं. स्क्रीनवर अक्षरं सरकत. हवं ते आलं की वहिनी गाल हलवत आणि ते टाइप होई. शेवटी कीबोर्डवरचा कंट्रोल आणि आणखी एक कळ दाबल्याची थाप लेल्यांचा प्रोग्राम कॉम्प्युटरला मारी, आणि मशीन वाक्य बोलून दाखवी. वहिनींचं पहिलं वाक्य होतं, "अहो, दाढी करा." लेले ते ऑफिसभर सांगत हिंडले.

मग जुना लॅपटॉप मेला. नव्यावर जुनी सिस्टीम चढेना, आणि नवीला ही थाप अर्धीच पटे: कंट्रोल दाबला हे ती मानायची, सोडला हे काही केल्या मानायची नाही.

लेल्यांनी मला कर्वेनगरला घरी बोलावलं. माझ्यासमोर वहिनींनी पाणी मागायला इंग्रजी 'पी' निवडला. कंट्रोल दाबलेलाच, आणि कंट्रोलसकट 'पी' म्हणजे छपाईचा हुकूम; त्यामुळे मशीननं प्रिंटची खिडकी उघडून विचारलं, किती प्रती काढायच्या?

"घ्या! बाई तहानलीय, आणि हे गाढव झेरॉक्सचं दुकान उघडून बसलंय." लेले हसले नाहीत. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायलाही दुसऱ्याचा हात लागायचा. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लेल्यांनी रजा टाकली. ऑफिस सुटलं की मीही जायचे. "सोड ना रे बाबा, सोड!" ते स्क्रीनपुढे हात जोडायचे. एकीकडे शिवलं की दुसरीकडे उसवायचं. वहिनींचा गाल मंदावत चालला होता. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं.

एका रविवारी दुपारी फोन आला, "जोशीबाई, सुटला!" मी धावत गेले. कंट्रोल खरंच सुटत होता. गाल मात्र हलेना. "मीरा, एकदाच. दाब गं," लेले विनवत राहिले. वहिनी नुसत्या बघत होत्या.

शेवटी लेल्यांनी बटण काढून स्वतःच्या अंगठ्याखाली धरलं आणि एकेक अक्षर निवडत गेले. मशीन कोरड्या आवाजात म्हणालं, "अहो, कूस बदलून द्या."

"हो, आलोच," म्हणत लेले उठले आणि त्यांनी वहिनींना अलगद कुशीवर वळवलं.