बोंबलाच्या वासाची चापट

२०१५ च्या सुमारास डहाणू स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत मला ती भेटली. मी नुकतीच निवृत्त, म्हणजे अगदी कोवळी, आणि कॉम्प्युटर शिकल्याच्या तोऱ्यात. कॅफेतला एकुलता एक कॉम्प्युटर इतका जुना, की त्याच्या सिस्टीमचे अपडेटही कंपनीने बंद केले होते.

धाकटी डहाणू गावची ती कोळीण बोंबील विकून, रिकामी पाटी दाराशी ठेवून आली. तिचा मुलगा दूर जहाजावर, खुशाली ईमेलनेच यायची. मागे कुणीतरी तिचं खातं बळकावलं, तेव्हा कितीतरी दिवस पोराचा पत्ता नव्हता.

"तो जुना ब्राउझर नको, म्हातारा झालाय. अजून अपडेट होतो तो दे," ती दुकानदाराला म्हणाली. पडद्यावर वरचा साइटचा पत्ता बोटाने अक्षर-अक्षर वाचून, कुलपाची खूण पाहून मगच तिने पासवर्ड टाकला.

तेवढ्यात पडद्यावर चौकट उघडली: 'कॉम्प्युटर धोक्यात! इथे दाबा.' रांगेतून मी परोपकारी हात पुढे केला. फटकन मनगटावर चापट बसली.

"हात काढ, बाय! असंच गेलं होतं माझं खातं."

"एवढी भीती, तर असलं मशीन वापरतेस कशाला?" मी फणकारले.

"खाडीत गाळ साचला म्हणून होडी घालायची सोडत नाय. खोल पाण्याच्या खुणेच्या काठ्या बघून घालायची."

तिने आत कुठेही न दाबता ती चौकट मिटवली, मुलाचं पत्र दोनदा वाचलं, खात्यातून लॉग-आउट केलं आणि पाटी उचलून गेली.

अजूनही फोनवर 'अभिनंदन, बक्षीस लागलं!' झळकलं की माझं बोट पुढे जातंच. पण तेवढ्यात मनगटाला बोंबलाचा वास येतो.