नात्यातलं लग्न: नाही

अर्जाचा बाकी सगळा भाग मी एका दुपारी भरून टाकला होता. नाव, पत्ता, गुण, दोन प्राध्यापकांच्या शिफारशी. राहिला होता तो एकच रकाना: हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, पाचशे शब्दांत सांगा. अर्ज बंगळूरच्या एका संस्थेचा होता, जनुकशास्त्र आणि आरोग्य या विषयात पुढचं शिक्षण घेण्यासाठी. सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं की आई सांगायची, "रक्ताचं काय तरी शिकायचं म्हनती." काकू म्हणायच्या, "म्हंजे लॅब टाकणार की. भवानी पेठेत लई चालंल बघा." मी हसल्यासारखं करायची आणि आत जायची.

पाचशे शब्द मी लिहिले होते. लहानपणापासून विज्ञानाची आवड, डीएनएबद्दलचं कुतूहल, समाजाची सेवा. कॉलेजच्या मॅडमनी ते वाचलं आणि फोनवर म्हणाल्या, "इंग्लिश छान आहे गं. पण हे कुणीही लिहील. तुझं कारण काय?" मी "येस मॅम" म्हणाले.

कारण मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना मला धाकटा भाऊ झाला आणि दहा वर्षांची असताना तो गेला.

पहिले सात-आठ महिने तो इतर बाळांसारखाच होता. मग सावरलेली मान पुन्हा कलायला लागली. हातातला खुळखुळा सुटायला लागला. जे शिकला होता, ते एकेक करून विसरत गेला. तेव्हा आम्ही आईच्या माहेरी, वैरागला होतो. तिथल्या एका डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "नात्यात लग्न केलंय का?" आईनं खरं सांगितलं. पप्पा तिचे आतेभाऊ, तिची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. आमच्याकडे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. आत्यानं भाची मागायची आणि भावानं ती द्यायची, अशीच रीत. डॉक्टर वैतागून म्हणाले, "अशी लग्नं करता कशाला तुम्ही लोक? भोगा आता." आजी, म्हणजे आईची हीच आत्या, तिथेच बाकावर बसली होती. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्यानं सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात तोच प्रश्न आला. या डॉक्टर शांत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं आणि पेन टेकवून थांबल्या.

"न्हाय," आई म्हणाली.

मी बाळाची दुधाची बाटली धरून उभी होते. मी पप्पांकडे बघितलं. पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मागे आजी. वर्गात मी उत्तराची खात्री असल्याशिवाय कधी हात वर करायची नाही. इथे खात्री होती. तरी माझे हात बाटलीवरच राहिले.

घरी आल्यावर आईनं फाइल माझ्यापुढे ठेवली. घरात इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच होते. "वाच, काय लिवलंय." मी अक्षर न् अक्षर लावून वाचलं. एका लांबलचक शब्दापाशी अडकले. "ह्ये काय?" आईनं विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही.

तो शब्द पुढं कॉलेजात फळ्यावर भेटला. आईवडिलांचं लग्न रक्ताच्या नात्यात झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी तो वहीत उतरवला, खाली रेघ मारली. मधल्या सुट्टीत डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

त्याच महिन्यात आम्हाला वंशावळीचा तक्ता काढायला शिकवलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोमध्ये एक आडवी रेघ. ते एकमेकांच्या नात्यातले असतील तर दोन रेघा. प्रत्येकानं आपापल्या घराचा तक्ता काढून आणायचा होता. मी आई आणि पप्पांमध्ये एकच रेघ काढली. भावाचा चौकोन काढलाच नाही. दहापैकी दहा मिळाले.

त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर तो वाचला असता, असं नाही. बहुतेक नसताच वाचला. पण कोणत्या तपासण्या आधी करायच्या, हे अशा उत्तरांवर ठरतं. कदाचित त्याच्या आजाराला नाव तरी मिळालं असतं. फाइलच्या शेवटच्या पानावरही निदानापुढं प्रश्नचिन्हच आहे. मला जे शिकायचंय ते त्या प्रश्नचिन्हामुळे. आणि नेमकं तेच लिहिता येत नव्हतं.

अर्जाचा शेवटचा दिवस आला. दुपारी आई मशीनवर टॉवेलच्या कडा शिवत होती. कारखान्यातून गठ्ठे घरी येतात, ती कडा दुमडून शिवते आणि परत पाठवते. मी कॉटवर लॅपटॉप घेऊन बसले होते.

"झालं का?"

"झालं. पाठवायचंय फक्त."

"वाचून दाखव की."

"इंग्लिशमध्ये आहे."

"मग मराठीत सांग. इतकं शिकीवलं ते कशाला?"

मी सांगितलं. विज्ञानाची आवड, कुतूहल, समाजाची सेवा. सांगून झालं तेव्हा मशीन थांबलेली होती.

"ह्यात त्यो कुटं हाय?"

"कोण?" कळलं होतं, तरी विचारलं.

"कोन म्हनं." तिनं दोरा दातानं तोडला. "जनू तुला म्हाईतच न्हाय."

"घरातलं बाहेर सांगायचं नाही ना."

"आसं कुनी सांगितलं?"

"तूच डॉक्टरांना नाही म्हणालीस."

तिनं हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "आत्या मागं बसली हुती. वैरागला ऐकून दोन दिस पोटात अन्न न्हवतं तिच्या. पुन्ना तेच ऐकवू व्हय तिला?" मग टॉवेल बाजूला ठेवून, "मला काय ठावं, एका न्हायनं काय हुतंय. तुला ठावं हुतं?"

"तेव्हा नाही."

"आन् आता?"

"आता आहे."

"मग लिव. आत्या बी न्हाय आता."

आजी जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हणाले, "लोक वाचतील."

"बंगळूरचे? वाचू देत. ते काय तुला स्थळ घिऊन येनार हायत व्हय?"

पप्पा अकलूजला साखर कारखान्यात नोकरीला आहेत, आठवड्यानं घरी येतात. आईनं त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आवो, ही बाळाचं लिवतीया अर्जात. आपल्या नात्याचं बी." पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता.

"स्पेलिंग नीट लिही म्हणावं," पप्पा म्हणाले. मग, "नळाला पाणी आलं का?"

"उद्या हाय पाळी."

"बरं." आणि फोन ठेवला.

मी लिहिलेलं जवळजवळ सगळं पुसलं. नवीन लिहिताना एका ठिकाणी थांबले. उत्तर माहीत होतं, पण ते तिच्याकडून घ्यावंसं वाटलं. स्क्रीनवरची नजर न काढता मी विचारलं, "नात्यातलं लग्न?"

"व्हय," आई म्हणाली. "सख्ख्या आत्याच्या घरात."

मी टाइप केलं.

"आनि ह्ये बी लिव," ती म्हणाली. "मशीन सुरू झाली की हसायचा. मान धरता यायची न्हाय, तरी हसायचा."

"ते त्यांना लागत नाही, आई."

"न लागू दे."

मला हे आठवत नव्हतं. मला बाटली आठवते, कॅलेंडर आठवतं, फाइलीचं निळं पुठ्ठ्याचं कव्हर आठवतं. तो हसताना आठवत नाही. पाचशे शब्द पूर्ण भरले होते. विज्ञानाच्या आवडीचं एक वाक्य चुकून राहिलं होतं, ते काढलं आणि तिथे हे घातलं. मग बटण दाबलं.

"काय म्हनले?"

"अर्ज मिळाला म्हणाले."

"कोन म्हनलं?"

"कंप्युटर."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा टॉवेल सुईखाली सरकवून मशीन सुरू केली. मी लॅपटॉप मांडीवर तसाच ठेवून त्या आवाजात बसून राहिले.