वाढत्या मापाचा फुटबॉल

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? डॉक्टरवर? हवामानवाल्यावर? का अणदूरच्या बाजारात पंचवीस-तीस वर्षं लहान मुलांचे तयार कपडे विकणाऱ्या माणसावर?

शेवटच्यावर ठेवत असाल, तर चहा ठेवा खाली. ठसका लागेल. कारण तो माणूस म्हणजे मी, आणि मी जे करून बसलो ते ऐकाच!

आमच्या धंद्याचा एकच मंत्र. ‘लेकरू वाढतंय, दोन बोटं मोठंच घ्या.’ निम्म्या गावानं शाळेची वर्षं काढली ती माझ्या दुकानातल्या बाह्या दुमडून! सदरा पहिल्या वर्षी गुडघ्यापर्यंत, दुसऱ्या वर्षी बेताचा, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. गिऱ्हाईक खूश, मी खूश. सवय इतकी अंगात मुरली, की मी स्वतःसुद्धा आठ नंबरच्या पायात नऊ नंबरचा बूट घालतो. का? ते विचारू नका. हातच तिकडं जातो.

तर झालं काय, माझी नात सना, वय वर्षं सात, शाळेच्या लहान गटाच्या फुटबॉल संघात निवडली गेली! पोरगी नाचतच दुकानात आली. “नाना, रविवारी येडशीच्या पोरांबरोबर मॅच हाय! मी पुढं खेळणार!”

मला काय आनंद झाला म्हणता! त्याच आनंदात मी कांबळे मॅडमना, म्हणजे तिच्या खेळाच्या बाईंना, जाहीर करून टाकलं, “संघाला फुटबॉल माझ्याकडून!”

आणि गेलो सोलापूरला. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, “मुलांचं वय काय, चाचा?”

“सात-आठ.”

“मग तीन नंबर. आठच्या पुढं बारापर्यंत चार नंबर, आणि त्याच्यावर मोठ्यांचा पाच.”

माझ्या कानात ‘आठच्या पुढं’ आणि ‘बारापर्यंत’ एवढंच राहिलं. म्हणजे वर्षभरात तीन नंबर बाद? आणि त्यापुढं चार वर्षांनी चार नंबरही बाद? अहो, मी काय काल दुकान टाकलंय का! म्हटलं, “पाच द्या. पोरं वाढती आहेत.”

तो बघतच राहिला. “चाचा, फुटबॉल अंगात घालायचा नसतो.”

“दुकान तुमचं असेल, पण मापाचं मला शिकवू नका!”

बघा माझा रुबाब!

घरी आल्यावर सनानं फुटबॉल दोन्ही हातांनी कवटाळला, तर पोरगी दिसेना! नुसते दोन पाय आणि वर फुटबॉल. अंगणात ठेवून लाथ मारली. फुटबॉल वीतभर सरकला, सना मात्र पाठीवर.

“नाना, ह्यो लई जड हाय.”

“सवय होईल, बेटा. बूट पण आधी चावतातच की.”

दोन दिवसांत अंगठा सुजला. तिसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “मला न्हाय खेळायचं. मला येतच न्हाय.”

रविवार तोंडावर, आणि पोरगी संघ सोडायला निघाली! काहीतरी करायला हवं होतं. मी काय केलं असेल? दुसरा फुटबॉल आणला? छे! फुटबॉल काखेत मारला आणि पंक्चरवाल्या गुंडूकडं गेलो.

“गुंडू, ह्यातली थोडी हवा काढ. तीन नंबरचा करून दे.”

गुंडूनं हातातली ट्यूब खाली ठेवली. “चाचा, तुमी पोट आत वढल्यावर वजन कमी हुतं का?”

“तू काढ रे!”

काढली. फुटबॉलची पार शिळी पुरी झाली. लाथ मारली की धप्प, आणि जागच्या जागी! परत गेलो, परत हवा भरली. गुंडूनं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “हसायला मिळालं, भरून पावलो.”

रविवारी सना मैदानावर आली, पण माझ्या सदऱ्याचं टोक धरून. तेवढ्यात येडशीवाल्यांनी पिशवीतून आपला फुटबॉल काढला. एवढासा! मी कडाडलोच, “मॅडम, ही फसवणूक आहे! मापात मारतात हे लोक!”

मॅडमनी फुटबॉल फिरवून मला वरचा आकडा दाखवला. तीन. “चाचा, सात वर्षांच्या पायाला हाच लागतो. मोठ्यानं पाय दुखतो, आणि लेकराला वाटतं की आपल्यालाच खेळ येत नाही.”

सनानं माझ्याकडं बघितलं. तिथं तरी गप्प बसावं की नाही? पण नाही! “मोठ्याला काय झालंय? जोर लावावा लागतो. बघा!” असं म्हणून मी आपला पाच नंबरवाला ठेवला, धावत आलो आणि अशी लाथ घातली…

पाय फुटबॉलच्या वरून गेला. फुटबॉल तिथंच. पण नऊ नंबरचा बूट? तो सुटला, येडशीच्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला आणि थेट जाळीत!

“गोऽऽल!” दोन्हीकडची पोरं लोळायला लागली. आणि सगळ्यांच्या वर सनाचा आवाज, “नाना, तुमचा पाय अजून वाढतोय का?”

एका मोज्यावर लंगडत कडेला जाऊन बसलो.

पण पुढं ऐका! तीन नंबरचा फुटबॉल सनाच्या पायाला लागला आणि माझ्या सदऱ्याचं टोक न सोडणारी पोरगी वाऱ्यासारखी सुटली! एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं आणि हाणला! मी उठून नाचलो, पायात एकच बूट आहे हेसुद्धा विसरून.

माझा फुटबॉल आता दहावीची पोरं खेळतात. त्यांना तो अगदी बेताचा होतो.

गावात मात्र हा किस्सा दोन बोटं मोठा करूनच सांगतात. कुणी म्हणतं बुटानं दोन गोल केले, कुणी म्हणतं तीन. तुम्हीही सांगाल, ठाऊक आहे मला. खुशाल सांगा! पण हिशेब तेवढा चोख ठेवा. सनाचा गोल एक, तो आधी धरा. माझ्या बुटाचा एक. आणि माझा? शून्य. त्यात मात्र वाढतं माप घालू नका.