रोजचा होकार

टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की समजावं, काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलंय. "मुलगी गुणी आहे. वडील कल्याणला पारनाक्यावर राहतात, अगदी सरळ माणूस. आज होय-नाही सांगून टाका."

मुलगी आत पोळ्या लाटत असायची. म्हणजे माझी बायको. आमचं लग्न खरोखर काकांनीच जमवलं होतं, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे. म्हातारपणी त्यांना बाकीचं सगळं विसरायला झालं आणि मन नेमकं आमच्या लग्नाच्या बोलण्यांपाशी अडकलं. मी कचेरीतून आलो की ते हजर.

आधी आम्ही शहाणपणा केला. "अहो काका, झालं आमचं लग्न. तुम्हीच जमवलंत." त्यांचा चेहरा जत्रेत हरवलेल्या पोरासारखा झाला. "मग मी त्यांना काय सांगू? उत्तर आणतो म्हणून शब्द दिलाय." त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. तेव्हापासून मी रोज होकार देऊ लागलो. स्वतःच्या बायकोला रोज नव्याने हो म्हणणं तुमच्यापैकी किती नवऱ्यांना जमेल, मला शंका आहे.

हिला आधी राग आला, मग चेव आला. डोक्यावरून पदर घेऊन, पोह्यांची बशी पुढे करून ही पाटावर बसायची.

"गाता येतं का मुली?"

"येतं की."

हिला येते ती एकच आरती, तीही वरच्या पट्टीत. दिवेलागणीची वेळ. अर्धी चाळ टाळ्या वाजवत दारात, आणि समोरच्या काकू प्रसादासाठी वाटी घेऊन.

"स्वयंपाक?"

"नाही येत. शिकायची इच्छाही नाही."

"खरं बोलते," काका मला म्हणाले. "असं स्थळ सोडू नका."

एकदा ऐन रंगात आमची बेबी धावत आली आणि "बाबा" म्हणत माझ्या मांडीवर चढली. काका बघतच राहिले. "शेजारची आहे," मी म्हणालो. बेबीने भोकाड पसरलं. ही पदर तोंडात कोंबून आत पळाली. काका मात्र खूश. "मुलाला लहान मुलांची आवड आहे, हे मी तिकडे आवर्जून सांगतो."

हे सगळं आपण काकांसाठी करतोय, असं मला वाटायचं. एकदा दमून आलो होतो, म्हणून घाईघाईने होकार देऊन उठायला लागलो. ही म्हणाली, "थांबा हो. मला विचारायचंय." आणि काकांकडे वळली. "काका, बाबा बरे आहेत ना?"

"आज सकाळीच भेटले. ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. तुझी काळजी करतात गं. मी म्हटलं, मुलगी चांगल्या घरी पडेल."

माझे सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. बेबी गोवराने फणफणली होती, म्हणून हिला शेवटचं भेटता आलं नाही. तेव्हापासून हिने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आणि इथे रोज संध्याकाळी हिला माहेरची ताजी खबर मिळत होती. त्यानंतर मी कधी घाई केली नाही.

काका उठले की ही दारापर्यंत जायची. "बाबांना सांगा, मी मजेत आहे."

"सांगतो," म्हणत काका थेट कल्याणला निघाल्यासारखे शेजारच्या खोलीत शिरायचे.

त्या थंडीत काका गेले, झोपेतच. ते आमच्या नात्याचे नव्हते, गोत्राचे नव्हते. तरी हिने तीन दिवस देवाला हात लावला नाही. लग्न झालेली मुलगी वडिलांचं पाळते, तेवढे तीन दिवस.

समोरच्या काकूंनी विचारलं, "अगं, तुला कसलं त्यांचं सुतक?"

"त्यांचं नाही," ही म्हणाली. "माझे बाबा गेले." आणि वर्षभराचं राहिलेलं रडू काकूंच्या खांद्यावर रडली.