आमच्या कातडीचा साबण

"गाल पुढे कर," बाई म्हणायच्या.

मी करायचे. बाई वाकायच्या, नाक माझ्या गालाला टेकेल इतकं जवळ आणायच्या आणि हुंगायच्या. बाजारात मासळी शिळी आहे का बघतात तशा. मग रुमालाने स्वतःचं नाक पुसायच्या. नाक आणणार त्या, आणि पुसणारही त्याच. "जा आत."

हे रोज. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हाची, पन्नास-साठच्या मधली ही गोष्ट. इंजेक्शनच्या कुप्या भरायच्या खात्यात मी लागले होते. बाई त्या खात्यावर देखरेख करायच्या. आत जंतू जाऊ नयेत म्हणून प्रत्येकीने हात-तोंड धुऊनच आत जायचं, असा नियम. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण धुतलंय की नाही हे हुंगून बघायचं, आणि तेही फक्त आमचंच. आमचं म्हणजे चिंचवडच्या महारवाड्यातून चालत येणाऱ्या बायांचं. पुण्याहून गाडीने येणाऱ्या मुलींना कुणी हुंगत नव्हतं. त्या आईच्या पोटातूनच धुऊन आलेल्या.

मोरीवर साबणही दोन. वर खिडकीत, चिनी मातीच्या बशीत पांढरा, मऊ, वासाचा. तो पुण्याच्या मुलींचा. खाली फरशीवर, पत्र्याच्या डब्यात लाल कार्बोलिकचे तुकडे. ते आमचे. पहिल्या दिवशी माझा हात बशीकडे गेला तर बाई ओरडल्या, "तो नाही! तुमची कातडी जाड असते. तुम्हाला कडकच साबण लागतो."

शिकलेल्या बाई सांगतायत म्हणजे खरंच असेल, असं मला वाटलं. साबण गालाला झोंबायचा. मला वाटायचं, मळ निघतोय. मी आणखी चोळायचे. पण माझी कातडी जाड नव्हतीच. आईसारखी कोरडी होती, थंडीत नुसत्या वाऱ्याने तडकायची. थोड्याच दिवसांत गालांचे पापुद्रे निघायला लागले. नाकाच्या कडेला चिरा पडल्या, त्यातून पाणी यायचं. आरशात मला माझ्याच तोंडाची किळस यायची.

आई संध्याकाळी डाळीचं पीठ आणि हळद तेलात कालवून गालाला लावायची आणि करवादायची, "आगं, संडास धुयाचा साबण हाय का त्यो? टाक बाई. तुला सोसत न्हाई."

टाकणार कसा? बाईंना गालाला त्याचाच वास यायला हवा असायचा. तो वास म्हणजे आम्ही धुतल्याचा पुरावा.

एक दिवस बाईंना पापुद्रे दिसले. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा काहीतरी रोग आहे. तोंड बरं झालं नाही तर या खात्यात ठेवणार नाही." माझा बाप गेलेला. घरात कमावती मी एकटी.

शेजारच्या मशीनवर कुसुम होती, पुण्यातल्या पेठेतली. तिचं माझ्या उलट. दुपारपर्यंत कपाळ तेलाने चकाकायचं, गालभर मुरमं. मोरीवर दोघीच होतो तेव्हा ती हळूच म्हणाली, "तुझा लाल दे ना गं मला. या पांढऱ्याने माझं तेल हलतच नाही. तू वरचा घे."

अदलाबदल केली. तिची मुरमं बसायला लागली, माझ्या चिरा भरायला लागल्या. तोंड धुतलं आणि झोंबलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपल्याला मळ चिकटलेलाच नव्हता. बाईंसाठी म्हणून तेवढा लाल तुकडा मी हनुवटीवरून फिरवायचे आणि आत जायचे.

एकदा घाईत ते राहिलं.

बाई वाकल्या. हुंगलं. परत हुंगलं. "हा वास तुझ्या तोंडाला कसा? चोरलास?"

कुसुम माझ्या मागेच उभी होती. तिच्या तोंडाला कार्बोलिकचा भपकारा येत होता. मी तिच्याकडे बघितलं. ती फरशीकडे बघत राहिली.

"माफी माग," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर म्हण, वरच्या साबणाला परत शिवणार नाही. नाहीतर उद्यापासून आवार झाडायचं."

साबणाला शिवणार नाही! किळस आली, पण या वेळी माझ्या तोंडाची नाही. त्या नाकाची, त्या रुमालाची, जाड कातडीच्या त्या शिकलेल्या बोलण्याची. इतके दिवस मी चुकीच्या माणसाची किळस करत होते.

मी म्हणाले, "माफी न्हाई मागत. माजी कातडी कोरडी हाय, मला मऊ साबण लागतो. कुसुमची तेलकट हाय, तिला लाल लागतो. तिला हुंगा."

बाईंनी तिला हुंगलं नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण नाक पुढे झालं नाही.

संध्याकाळी फाटकापाशी कुसुम रडकुंडीला आली. "माझं नाव कशाला घेतलंस? तुमचा साबण तोंडाला लावते हे घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील. तू मागून टाक ना माफी. एक शब्द तर आहे."

"मग तू एक शब्द बोल. खरं काय ते बाईंना सांग."

ती गाडी चुकेल म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हातात झाडू दिला. मी घेतला नाही. झाडूत वाईट काही नाही, माझ्या आईने जन्मभर मारला. पण शिक्षा म्हणून तो मी धरणार नव्हते. मला कामावरून काढलं. आई रडली. मी नाही रडले.

त्यानंतर या पट्ट्यात कारखाने वाढत गेले, आणि मी बऱ्याच फाटकांवर उभी राहिले. जात विचारली तर सांगते, खणखणीत सांगते. कातडी विचारली तर कोरडी म्हणून सांगते. पण हुंगायला कुणी वाकलं तर तिथून परत फिरते. आणि एकटी फिरत नाही. रांगेतल्या आमच्या सगळ्या बाया घेऊन फिरते.