आप्पा जेवायला गेले की

बेळगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी निपाणीत एका कापड दुकानाची मॅनेजर झाले, तेव्हा माझ्याकडे रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते आणि भलताच आत्मविश्वास. कारखान्यात मी ब्रेनस्टॉर्मिंगच्या बैठका घ्यायचे. सगळ्यांनी मनात येईल ते बोलायचं, कुणी कुणाला वेड्यात काढायचं नाही, एवढाच नियम. दुकानाचे मालक आप्पा म्हणाले, "तेच हितं कर. लग्नाचे बस्ते कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला चाललेत. का, ते ह्या लोकांकडनं काढून दे. न्हायतर ह्या सीझननंतर वरचा मजला बंद." वरच्या मजल्यावर साड्यांचा काउंटर होता आणि त्यावर पाचसहा घरं चालत होती.

पहिल्या शुक्रवारी साड्यांच्या काउंटरपाशी सगळ्यांना बसवून मी चिठ्ठ्या वाटल्या. सगळ्यांनी त्या प्रसादासारख्या हातात धरल्या आणि आप्पांकडे पाहिलं.

"बोला की," आप्पा म्हणाले.

"आप्पा म्हणत्यात तेच बरोबर," एकजण म्हणाला. आप्पा अजून काहीच म्हणाले नव्हते. दुसऱ्यानं "हौदरी, हौदरी" करत कन्नडमधून दुजोरा दिला. माझा पारा चढायला लागला.

साडेपाचला आप्पा उठले. "मी जेवून येतो." आप्पा जैन, दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळली आणि खोलीला तोंड फुटलं. इथल्या आरशात तोंड दिसतं, साडी दिसतच नाही. नवरीबरोबर गाडीभर बायका येतात आणि खुर्च्या तीन. शहापूरच्या चांगल्या साड्या कपाटात कोंडल्यात. चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा मी साडीच्या खोक्यांच्या झाकणांवर लिहीत सुटले.

परत आल्यावर आप्पांनी विचारलं, "काय निघालं?" मी कुणाचं नाव न घेता सांगितलं. पुढच्या आठवड्यात आरसा आला, मग खुर्च्या आल्या. मी बैठक मुद्दाम सव्वापाचला ठेवायला लागले आणि स्वतःवर जाम खूश होते. बस्ते मात्र कोल्हापूरलाच जात राहिले.

मग एका शुक्रवारी, आप्पा गेल्यावर, साडीच्या काउंटरवरच्या आक्का बोलल्या. दुकानात सगळ्यांत जुन्या त्याच. "खरं कारण सांगू व्हय? आप्पांना दारातनं उठवा."

सगळे हसले. कारण ते खरं होतं. आप्पा दारात बसून येणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारायचे, "तू कुणाची गं?" मग तिच्या वडिलांच्या गुडघेदुखीचं, चुलत्याच्या वाटणीचं. त्यातून ती वर पोचलीच आणि भारी साडी घेऊन खाली आली, की, "एवढी महाग कशाला? एकदाच तर नेसायची." त्यांचा जीव होता लोकांवर. पण नवरीला साडी घ्यायची असते, हजेरी द्यायची नसते.

हे आप्पांना सांगायचं कुणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रविवारी त्यांच्या घरी गेले. आप्पा शेताकडे गेले होते. त्यांच्या बायकोनं, काकींनी चहा टाकला. मी सहज म्हटलं, "शुक्रवारी आप्पांची जेवायची घाई होते, नाही?"

"कसली घाई? दिवस मावळायच्या आत मी जेवते. हे चातुर्मास तेवढा पाळत्यात, एरवी रात्री नऊला बसत्यात. शुक्रवारी स्टँडवरच्या बाकड्यावर जाऊन बसत्यात, कोल्हापूरच्या गाड्या बघत. 'मी असलो की लोक बोलत न्हाईत,' म्हणत्यात."

त्यांना टाळून आम्ही मोठे शहाणे ठरलो होतो, आणि ते आपणच उठून जात होते. मला रडू आलं आणि रागही आला, तो कुणाचा ते कळेना. काही न सांगताच मी घरी परतले.

पुढच्या शुक्रवारी साडेपाचला आप्पा उठले.

"आज बसा, आप्पा." माझा आवाज नको तेवढा चढला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बसले. शेवटी आक्कांनीच पदर खोचला.

"आप्पा, राग मानू नका. पण तुम्ही दारात बसू नका. पोरी बुजत्यात."

आप्पांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं. मग मी बसू कुठं?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. उभा जन्म त्या दारात गेला होता. इतक्या चिठ्ठ्या आणि झाकणं भरली, पण हा विचार आमच्यातल्या एकाच्याही मनात आला नव्हता. माझी मान वर होईना.

आक्का बाकावर सरकल्या. "हितं, माझ्याजवळ. साड्यांच्या घड्या घालायला माणूस पायजेच. फक्त कुणाला 'तू कुणाची' म्हणून विचारायचं न्हाय."

आप्पा उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. समोरची एक साडी मांडीवर ओढली.

"आणि तिनं आपणहून सांगितलं तर?"

"तर ऐका," आक्का म्हणाल्या.