सकारात्मक विचाराधीन

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलीला ठाऊक नाही. साहेब गेले तेव्हा त्यांच्या पायाशी उभा होतो, तेव्हाही ती ओठांवर येऊन परत फिरली. आज तुम्हाला सांगतोय. आणि सांगताना आवाज खाली घेणार नाही. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, निदान एकदा तरी ते सरळ वापरता यावेत.

मी रत्नागिरीत एका पुढाऱ्याकडे बरीच वर्षं लिहिण्याचं काम केलं. पत्रं, भाषणं, वर्तमानपत्रांना द्यायची निवेदनं. त्यांचं नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. लोक पुढाऱ्यांच्या बोलण्याला हसतात ना — ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’, ‘बाब गांभीर्याने घेतली आहे’, ‘पाठपुरावा सुरू आहे’ — आमच्या कार्यालयातून जाणारी असली वाक्यं माझी असायची. साहेब मुळात फटकळ. काम होणार नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणायचे. मीच त्यांना अडवायचो. ‘नाही’ म्हटलं की माणूस तुटतो, साहेब. ‘बघतो’ म्हटलं की येत राहतो. ही कला मला उत्तम यायची, यात खोटा विनय कशाला? आलेला माणूस काहीही न मिळता समाधानाने जिना उतरायचा. मी खिडकीतून बघायचो, आणि मला अभिमान वाटायचा.

मंडणगडच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे. वीस-पंचवीस घरं. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये पऱ्या, म्हणजे ओढा — उन्हाळ्यात कोरडा, मोठ्या पावसात कमरेएवढा. अंगणवाडी पऱ्याच्या पलीकडे, रस्त्याच्या अंगाला. दर मे महिन्यात, मुंबईची पुरुषमंडळी घरी आलेली असताना, वाडी मिळून या पऱ्यावर लाकडी साकव घालायची. पायी जाण्यापुरता पूल. पावसाळा निघायचा, मग तो कुजायचा नाहीतर वाहून जायचा. वाडीला पक्का, सिमेंटचा साकव हवा होता. वाडीचे प्रमुख, गावकर तुकारामदादा आणि अंगणवाडीच्या सुलोचनाताई अर्ज घेऊन आमच्याकडे दोनदा आले. मीही पाहणीला गेलो होतो. सुलोचनाताईंनी कुळथाची पिठी आणि भात जेवायला घातला. म्हणाल्या, “भाऊ, तुमी मनावर घेतलंव म्हणजे झालाच साकव.”

साहेबांनी खरंच धडपड केली. मंजुरी मिळाली नाही. नकार आला, त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. “त्यांना कळव, होत नाही म्हणून. ताटकळत ठेवू नको. म्हणावं, यंदाही लाकडीच घाला.”

किती सोपं होतं. दोन ओळींचं पत्र.

मी लिहिलं — ‘आपल्या वाडीच्या साकवाचा प्रस्ताव सकारात्मक विचाराधीन असून त्याबाबत लवकरच योग्य तो निर्णय अपेक्षित आहे.’ साहेब माझ्या पत्रांवर न वाचता सही करायचे. तशीच केली.

का लिहिलं? मी खूप शोधलंय. मोठं कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पत्र मला स्वतः नेऊन द्यायचं होतं, आणि त्या दोघांचे चेहरे पडलेले मला बघायचे नव्हते. तो मान, ते ‘भाऊ, तुमी’ — ते मला सोडवत नव्हतं. बस, एवढंच.

आणि पत्र तरी मोघम होतं म्हणा. त्याच्या आड लपता आलं असतं. पण तुकारामदादांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “पोरं परवा मुंबयला जातील. मग यंदा लाकडी साकव घालू का नको?”

सरळ प्रश्न. आणि मी — ज्याला साहेबांनी उत्तर पढवून पाठवलं होतं, तो मी — म्हणालो, “तशी आता गरज पडेल असं वाटत नाही.”

हा माझा गुन्हा. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

पुरुष मुंबईला परतले. पाऊस सुरू झाला. सुलोचनाताई रोज मुलांना एकेक करून हाताला धरून दगडांवरून पार न्यायच्या, परत आणायच्या. श्रावणात एका दुपारी सगळी मुलं घरी पोचवून त्या अंगणवाडीला कुलूप लावायला परत निघाल्या, आणि पऱ्यात पाय सरकला. खुबा मोडला. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी त्यांना घोंगडीच्या डोलीत घालून लांबून, वरच्या अंगाच्या उथळ पाण्यातून रस्त्यावर आणलं.

रत्नागिरीच्या इस्पितळात बघायला जाताना साहेबांनी गाडीत विचारलं, “कळवलं होतंस ना रे त्यांना?”

“तशी कल्पना दिलेली होती,” मी म्हणालो. साहेबांवरही तीच कला.

खाटेपाशी तुकारामदादा उभे होते. साहेब कळवळून, थोडे रागावूनच म्हणाले, “तुम्हाला आधीच सांगितलं होतं, पक्का होत नाही. मग लाकडी का नाही घातलात?” तुकारामदादांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पण साहेब, तुमच्या पत्रात—”

“दादा, तो विषय आत्ता नको. ताईंना आराम करू दे.” मी मध्ये पडलो. किती समजूतदार वाक्य! साहेबांनीही मान हलवली. तुकारामदादांनी ताईंची चादर सारखी केली.

वाडीने काय समजायचं ते समजून घेतलं. साहेबांनी सही करून शब्द दिला आणि बाई पडल्यावर पलटले — पुढारीच तो. हे त्या वाडीतून पुढच्या गावांत गेलं. पुढच्या निवडणुकीत तिथे साहेबांच्या सभेला माणूस फिरकलं नाही. साहेब मला विचारायचे, “त्या लोकांचं मी काय वाईट केलं रे?” मी म्हणायचो, “गैरसमज आहेत साहेब, कालांतराने दूर होतील.” ते वारले तेव्हा दूर झालेले नव्हते.

सुलोचनाताईंची अंगणवाडी सुटली. त्या काठी घेऊन चालतात, तेही अंगणापुरतं.

गेल्या वर्षी मंडणगडच्या एसटी स्टँडवर त्या दिसल्या, लेकीच्या आधाराने आलेल्या. मी टाळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. माझ्या मुलीची चौकशी केली. मग साहेबांचा विषय निघाला. त्या जरा वेळ काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिल्या.

“मेल्या माणसाला बोलू नये,” त्या म्हणाल्या, “पण साहेब खोटाच निघाला. नाय ओ भाऊ?”

आजूबाजूला गर्दी नव्हती. गाडीला वेळ होता. साहेब तर आता कुणाच्याच रागाच्या पलीकडे गेलेले. सांगायला यापेक्षा बरी जागा मला मिळणार नव्हती, आणि हे मला त्याच क्षणी स्वच्छ कळत होतं.

मी ‘हो’ म्हणालो.